राम घाटावरची कॅसेट

बाबांच्या पेटीत तळाशी एक कॅसेट होती. नव्वद मिनिटांची. पट्टीवर त्यांच्या तिरक्या अक्षरात ‘राम घाट, उज्जैन, सिंहस्थ १९९२. अक्का’ एवढेच लिहिलेले. अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. बेळगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात थोरल्या बहिणीला ताई कुणी म्हणत नसे. घर मराठी असो की कानडी, ती अक्काच. आम्ही भाचरेही तिला अक्काआत्या म्हणत असू.

अक्काआत्या लग्न होऊन गेली ती थेट माळव्यात. लांबचे स्थळ, पण अगदीच परके नव्हे. महाकालाचे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभारले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, आणि दौलतरावांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानीही उज्जैनच होती. त्यामुळे तिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची मराठी मात्र निराळी. ‘मी येऊन राहिलो आहे’, ‘आपण बसा ना’ अशी. आमची मराठी कानडीच्या अंगणात वाढली, त्यांची हिंदीच्या, एवढाच फरक.

बाबा गाण्यातले दर्दी. १९९२ च्या जानेवारीत कुमार गंधर्व गेले. कुमारजी मूळ सुळेभावीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. जन्म कानडी घरात, मराठी रसिकांनी डोक्यावर घेतलेले, आणि १९४८ पासून देवासला राहून माळवी लोकगीतांत बुडालेले. बाबांनी ठरवले, की सिंहस्थाला जायचे, वाटेत देवासला उतरून त्या घराला हात जोडायचे आणि अक्कालाही भेटायचे. खरे तर शेवटचे कारण हेच पहिले होते. गावचे घर विकल्यावर अक्काला तिचा वाटा द्यायला बाबांनी फार उशीर केला होता. चार वर्षे दोन घरांत पत्र नव्हते. सोबत त्यांनी सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेतला. अक्काच्या जात्यावरच्या ओव्या धरून ठेवायच्या होत्या.

तर कॅसेटवर घाटावरची ती रात्र आहे. घंटा आहेत, हरवलेल्या माणसांची नावे भोंग्यावरून पुकारणारी हिंदी आहे, पंड्यांचे संस्कृत आहे, फूलवालीशी अक्काआत्याने माळवीत घातलेली हुज्जत आहे. मग पायरीवर बसून म्हटलेल्या ओव्या. मधूनच बहीणभावांचे बोलणे. घराच्या वाट्याचा विषय दोनदा निघतो आणि दोन्ही वेळा अक्काआत्या ओवी सुरू करते. शेवटी उठताना ती काहीतरी म्हणते, जवळच कुठेतरी घंटा वाजते आणि संपते.

त्यानंतर भेट झाली नाही. आत्या १९९४ मध्ये गेली, बाबा १९९६ मध्ये. बाबांनी कॅसेटची एक नक्कल उज्जैनला धाडली होती. बाबा गेल्यावर आतेभावाचे, म्हणजे दादाचे, पत्र आले. सांत्वनाच्या चार ओळी झाल्यावर त्याने लिहिले होते, की आईने मामाला घाटावरच ‘मत’ म्हणून सांगितले होते, टेपमध्ये आहे, आपणही ऐका. मामांनी ते अक्षरशः पाळले, आई अंथरुणावर असतानाही आले नाहीत, तेव्हा आता मीच कोणत्या नात्याने येऊ?

मी कॅसेट लावून ऐकली. शेवटी खरेच, बारीक किनऱ्या आवाजात ‘मत बा’ असे काहीसे होते. पत्र वाचून ऐकली, म्हणून मलाही तेच ऐकू आले. आत्या आजारी पडली तेव्हा बाबा स्वतः अर्धांगाने खिळलेले होते, आणि ते उज्जैनला कळवू नका असे त्यांनीच बजावले होते. एवढे तरी मी उत्तरात लिहायला हवे होते. लिहिले नाही. अशी पत्रे राहून जातात आणि मग त्यांना वय येते.

मी जन्मभर तंत्रनिकेतनात गणित आणि पुढे संगणक शिकवला. निवृत्त झाल्यावर कॅसेटची आठवण झाली ती मुख्यतः भीतीने. चुंबकीय टेप काही अमर नसते. पुण्याहून लेकीने डेक लॅपटॉपला जोडायची एक छोटी डबी पाठवली आणि मी एक बाजू संगणकात उतरवून घेतली. उतरवणे म्हणजे काय, तर ध्वनीच्या लहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची आणि दर वेळी उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांमधला एक पूर्णांक लिहून ठेवायचा. पंचेचाळीस मिनिटांची बाजू म्हणजे जवळजवळ १२ कोटी आकडे. आत्या, फूलवाली, घंटा, भोंगा, सगळी एकाच रांगेत. कुठला आकडा कुणाचा, हे त्या रांगेला ठाऊक नसते.

पहिली चूक उत्साहाच्या भरात झाली. ओव्यांच्या खाली भोंग्याच्या ॲम्प्लिफायरची एक अखंड गुणगुण होती. बाजारात मिळतो तसल्या तयार प्रोग्रॅममध्ये मी दीडशे कंपनांखालचे सगळे उडवले, वरचा फुसफुसाट कमी केला आणि त्याच फाइलवर जतन केले. आवाज लख्ख झाला. तो लख्ख झाला तेव्हा कळले, की आत्या चढत चालली आहे. पेटी काढून बसले. पहिली ओवी काळी चारमध्ये, शेवटची काळी पाचमध्ये. जात्यावर बसून पट्टी शिकलेली बाई अशी सरकत नाही. सरकले होते ते सेल. रेकॉर्ड करताना सेल उतरले की टेप हळू ओढली जाते, आणि तीच टेप पुढे पुऱ्या वेगाने वाजवली की आवाज घाईचा आणि उंच येतो. घाटावरची रात्र पुढे सरकत होती तसतशी आत्या कॅसेटमध्ये लहान पोर होत गेली होती.

टेप कुठल्या क्षणी किती हळू होती, हे मोजायला त्या रात्री न बदललेला एखादा आवाज हवा. विचार करकरून असा एकच सापडला. वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिच्यावर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची गुणगुण साधारण शंभराची. कॅसेटवर ती गुणगुण शंभराची एकशे दहा झाली असेल, तर टेप तेवढ्याच पटीने हळू पडली होती. म्हणजे भोंग्याची कटकट हीच माझी मोजपट्टी होती, आणि मी ती पुसून बसले होते.

पुन्हा कॅसेट वाजवणे आले. या खेपेला आतली टेप दाबून धरणारी कापडी गादी निसटली आणि टेप डेकच्या चाकाला गुंडाळली. पंधरा मिनिटे मी नुसती बघत बसले, हात लावायचा धीर होईना. शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला घरी बोलावले. त्याने चिमट्याने टेप सोडवली, दोन्ही गुंडे दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवले आणि म्हणाला, “बाई, आता एकदाच वाजवा. आणि मध्ये उठू नका.” मी उठले नाही. या वेळी मूळ फाइलच्या तीन प्रती केल्या.

आता तयार प्रोग्रॅम पुरे पडेना. त्यात सगळ्या फाइलचा वेग एका मापाने बदलता येई, पण माझा वेग क्षणाक्षणाला निराळा. लेक म्हणाली, “आई, पायथनमध्ये लिही. सोपं आहे.” पायथन ही १९९१ मध्ये बाहेर आलेली भाषा, शिकायला खरेच सोपी. दोन-दोन सेकंदांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातली कंपने वेगळी करायची, शंभराजवळचे शिखर शोधायचे, एवढे वीस ओळींत झाले. कागदावर आलेख काढला तेव्हा अर्धा तास जवळजवळ सपाट रेघ आणि मग चढ. सुरुवातीला ९९ च्या आसपास, शेवटी १११. बाबांचे सेल कसकसे मरत गेले, त्याचे ते चित्र होते. मी बराच वेळ ते पुढ्यात घेऊन बसले.

अडले ते पुढे. वेग दुरुस्त करायचा म्हणजे प्रत्येक नव्या क्षणासाठी जुन्या रांगेत दोन आकड्यांमधली जागा गाठायची आणि तिथला आकडा डावी-उजवीकडच्या बत्तीस-बत्तीस शेजाऱ्यांना तोलून काढायचा. १२ कोटी वेळा चौसष्ट गुणाकार. पायथनच्या साध्या लूपमध्ये हे रात्री लावून झोपले, सकाळी दूध आले तरी चाललेच होते. पायथन मोठी माणुसकीची भाषा आहे, पण ती प्रत्येक आकड्याला थांबवून तू कोण, कुठला, पूर्णांक की अपूर्णांक, असे विचारते. पाहुण्याला ते बरे वाटते. १२ कोटी पाहुण्यांचे काय करायचे?

मग मी माझी जुनी भाषा काढली. फोर्ट्रान. आयबीएमने ती १९५७ मध्ये निव्वळ आकडेमोडीसाठी आणली. मी १९८१ साली कॉलेजात कार्डे पंच करून शिकले. एका कार्डावर एक ओळ, आणि गठ्ठा हातातून पडला की डोळ्यांत पाणी. चाळीस वर्षांनी हात तसाच चालला. फोर्ट्रान कुणाला काही विचारत नाही. कोण येणार हे आधीच सांगून ठेवायचे, मग ती मान खाली घालून दळते. तेच काम चहा उकळून गाळेपर्यंत झाले.

लेकीला हे फारसे पटले नाही. एका कामाला दोन भाषा कशाला? तिला मी काय सांगणार, बाजारात कानडी, घरात मराठी आणि बँकेत इंग्रजी बोलणाऱ्या गावातली बाई मी. पण तिच्यासाठी म्हणून शोधले, तर ध्वनीच्या या धंद्यात एकभाषी घर मला सापडेना. मॅक्स मॅथ्यूज यांनी बेल प्रयोगशाळेत १९५७ मध्ये आयबीएम ७०४ कडून पहिली सतरा सेकंदांची धून वाजवून घेतली ती यंत्राच्याच भाषेत. साठीच्या दशकाअखेर त्यांचे ते काम फोर्ट्रानमध्ये आले. घरोघरी वापरतात ते ऑडॅसिटी सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले, पण त्याच्या पोटात नाइक्विस्ट नावाची लिस्प घराण्यातली भाषा नांदते. कंपने वेगळी करणारी एफएफटीडब्ल्यू नावाची प्रसिद्ध संहिता सी भाषेत आहे. गंमत म्हणजे तिचा गाभा माणसाने सीमध्ये लिहिलेलाच नाही. ओकॅमल भाषेतला एक प्रोग्रॅम तो लिहून देतो. आणि मी पायथनमध्ये शिखर शोधते आहे असे समजत होते, तेव्हा दाराआड खरी दळणारीण सी होती. पायथन नुसती पाहुण्यांशी बोलत होती.

भांडण भाषांत नसते, उंबरठ्यावर असते, हे मला नंतर कळले. पायथनने आकडे एका फाइलमध्ये लिहायचे आणि फोर्ट्रानने तिथून उचलायचे, अशी मी व्यवस्था केली. पहिला निकाल हेडफोन लावून ऐकला आणि अंगावर काटा आला. अक्काआत्या पुरुषाच्या आवाजात बोलत होती. निम्म्या वेगाने. आणि डाव्या कानात टेपचा पूर्वार्ध, उजव्या कानात उत्तरार्ध, दोन्ही एकाच वेळी. डाव्या बाजूला ती फूलवालीशी भांडते आहे आणि उजव्या बाजूला निरोप घेते आहे. प्रोग्रॅमने एकही चूक दाखवली नव्हती.

दोन दिवस गेले. खोट साधी निघाली. फाइलमध्ये डावा, उजवा, डावा, उजवा असे आकडे एकाआड एक असतात. पायथनने ते तसेच आडव्या ओळींनी लिहिले. फोर्ट्रान उभ्या रकान्याने वाचते. मी तिला ‘पहिला अख्खा रकाना डाव्या कानाचा’ असे सांगून ठेवले होते, म्हणून तिने रांगेचा पहिला निम्मा भाग मुकाट डाव्या कानाला दिला. माझा टेपरेकॉर्डर एका कानाचा, त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा आला, वेग निम्मा झाला, आवाज एक सप्तक उतरला. आकडे सगळे खरे होते. पायथन बरोबर, फोर्ट्रानही बरोबर. फक्त काय ओलांडून जाते आहे, ते उंबरठ्यावर कुणी सांगितले नव्हते. पुढे मी मधली फाइलच काढून टाकली. पायथनच्या नमपाय संग्रहात एफटूपाय नावाचे एक साधन आहे. फोर्ट्रानच्या प्रत्येक कामापाशी येणारे कोण, जाणारे कोण, कोणत्या आकाराचे, हे त्यात एका कागदावर लिहून द्यावे लागते. लिहायला कंटाळवाणे. पण त्यानंतर आत्या पुरुष झाली नाही.

मग भोंग्याची गुणगुण मापून झाल्यावर हलकेच उतरवली, टेप सरळ केली आणि एका रात्री सगळे झोपल्यावर शेवटची दोन मिनिटे लावली. अक्काआत्या पायरीवरून उठते. मागे तिच्या जावा कुणालातरी हाका मारताहेत, त्या अगदी जवळ आहेत. बांगड्या वाजतात. मग ती भावाला म्हणते, ‘मत्त बा.’ आणि घंटा.

सीमाभागातल्या वाचकांना मी अर्थ सांगायला नको. तरी आमच्या कुटुंबातली जी घरे वर गेली त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडच्या कानडीत ‘मत्त’ म्हणजे पुन्हा, आणि ‘बा’ म्हणजे ये. पुन्हा ये. त वर जीभ क्षणभर टेकून राहते. तेवढा क्षण मेलेल्या सेलने खाल्ला आणि घंटेने झाकला, म्हणून हिंदी कानाने ‘मत’ ऐकले. आत्या उज्जैनला कधी कानडी बोलली नाही, मग दादाला शंका तरी का यावी? ती भावाशी बोलली ते मुद्दामच, शेजारच्या जावांना कळू नये म्हणून. वाट्यावरून झालेल्या चार वर्षांनंतर भावाला पुन्हा बोलावणे ही तिची खासगी गोष्ट होती.

मात्र माझाच माझ्यावर विश्वास बसेना. पत्र वाचून मी ‘मत’ ऐकले होते. आता हवे आहे म्हणून ‘मत्त’ ऐकत नाही ना? सकाळी शेजारच्या कानडी वहिनींना काही न सांगता एवढाच तुकडा ऐकवला. त्या भाजी निवडत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “‘मत्त बा’ अंताळ.”

गेल्या हिवाळ्यात उज्जैनला गेले. दादाने दार उघडले आणि म्हणाला, “आपण या. प्रवास ठीक झाला ना?” आम्ही लहानपणी चिंचेवरून मारामाऱ्या केलेली भावंडे. त्याला सत्तरी ओलांडलेली. चहा झाला, पोहे झाले, कॅसेटचा विषय निघाला तसा तो म्हणाला, “इथे नको. घाटावर जाऊ.”

दुपार उतरत होती. राम घाटावर आरतीला अवकाश होता. समोर दत्त आखाड्याचा घाट, मध्ये संथ पाणी. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी आणून शिप्रेत सोडले. दादा म्हणाला, “आता यात शिप्रा किती न् नर्मदा किती, पंडाही सांगू शकत नाही.” २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चाललेली, कुठेतरी यंत्र घरघरत होते. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. माझ्याजवळ तीन प्रती होत्या, कारण माझी मोजपट्टीच पक्की नव्हती. त्या काळी आपल्याकडची वीज पन्नासावर कुठे टिकून राहत असे? गुणगुणीवरून चढउतार कळला, पण आत्याची खरी पट्टी कळत नव्हती. दादाला तिन्ही ऐकवल्या. ओवीची दोनच पदे. त्याने डोळे मिटून तिसऱ्या प्रतीला हात वर केला. सगळ्यांत संथ. “ही आई. बाकीच्या दोन मावशी आहेत.”

मग मी शेवट लावला. एकदा, दोनदा. अर्थ सांगितला. तो काही बोलला नाही. मी वहिनींचेही सांगितले, बाबांच्या अर्धांगाचेही सांगितले, जे तीस वर्षांपूर्वीच्या पत्रात लिहायचे होते. तो पाण्याकडे बघत होता. “तू म्हणतेस म्हणून मी मानायचे?” तो म्हणाला. मी म्हटले, “नको मानूस. बेळगावास ये आणि कुणालाही विचार.”

बराच वेळ गेला. एक पोरगी दिवे विकायला आली, तिला त्याने परत पाठवले.

“रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना आई काही तरी पुटपुटायची,” तो म्हणाला. “आम्ही म्हणायचो, मंत्र म्हणून राहिली आहे. एकदा मी विचारले तर म्हणाली, तुझ्या कामाचे नाही.” मग हेडफोन हातात फिरवत त्याने विचारले, “दुसऱ्या बाजूला काय आहे?”

“कोरी आहे. सेल संपले होते.”

वर आरतीवाले तांब्याची भांडी मांडू लागले होते. कुणीतरी भोंगा टिचकी मारून तपासला.

“तो सुरू होण्याआधी एकदा परत लाव,” दादा म्हणाला. “ओवीपासून लाव.”